कुसुमबाईची सही

केवळराम शहारे दवाखान्याची गोष्ट सांगायला लागला की मी हातातली कपबशी खाली ठेवतो. गोष्ट लांबते म्हणून नाही. तिच्या शेवटी हसावं लागतं आणि हसताना चहा सांडतो.

गोष्ट मागच्या थंडीतली. केवळरामला न्युमोनिया झाला. राईस मिलच्या बॉयलरवर तीस वर्षं भुसा झोकून त्याची फुप्फुसं आधीच कडक झाली होती. गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात त्याला अकरा दिवस मशीनवर ठेवलं.

"घशात नळी, नाकात नळी, खाली नळी," केवळराम बोटांवर मोजतो. प्रत्येक नळीनंतर दम घ्यायला थांबतो, पण मोजणं सोडत नाही. "आन् हात? दोन्ही हात पट्टीनं खाटेले बांधले. कोंडवाड्यातल्या गोऱ्ह्यालेबी असं नाही बांधत, मुनशी. नाकाले खाज सुटली. पहिल्या दिवशी सुटली ते अकराव्या दिवशी गेली!"

मग तो उजवा हात वर करतो आणि सगळे ज्याची वाट बघत असतात ते वाक्य येतं. "ज्यानं त्या कागदावर सही केली ना, त्याचा हात झडो!"

ओसरीवर बसलेले सगळे हसतात. मीही हसतो.

मी यादोराव टेंभुर्णे. त्याच मिलमध्ये एकतीस वर्षं हजेरी लिहिली, म्हणून मुनशी. मिल सुटली पण सवय काही सुटली नाही. कोण कुठे किती वाजता आला, कोणाच्या मयतीत कोण किती वेळ थांबला, कोणत्या सुनेनं सासूला यंदा पहिल्यांदा 'आई' म्हटलं, हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जातं. त्या हिशेबानं सांगतो, ही गोष्ट केवळरामनं माझ्यासमोर सतरा वेळा सांगितली. आणि सतराही वेळा, हात वर जायच्या नेमकं आधी, त्याची बायको कुसुमबाई काहीतरी आणायला आत गेली.

कारण ती सही तिची होती. आणि कागदावर कुठं करायची ते बोट ठेवून मी दाखवलं होतं.

त्या दिवशी डॉक्टर घाईत होते, मुलगा अतुल पुण्याहून निघालेला पण पोचायचा होता. नर्सनं मशीनच्या परवानगीचा कागद पुढं केला. कुसुमबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "इथं, वहिनी." केवळराम शुद्धीवर आल्यावर पहिल्या दिवसापासून सही करणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागला, तेव्हा अतुल घाबरून बोलून गेला, "डॉक्टरनं ठरवलं, बाबा." त्या वेळी ते बरं वाटलं. मग केवळरामला त्या वाक्यावर पहिलं हसू मिळालं, आणि ज्या वाक्यावर हसू मिळतं ते तो आयुष्यात कधी सोडत नाही.

हे असंच चाललं असतं. पण यंदा धान निघाल्यावर डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि स्पष्ट सांगितलं: पुन्हा असं झालं तर पुन्हा मशीन, आणि या वेळी मशीनवरून उतरणं कठीण. केवळराम त्या दिवशी घरी येऊन ऑक्सिजनची नळी नाकाला लावून खाटेवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं. खाटेवर एक छापील कागद होता.

"सडक अर्जुनीच्या हेमेंद्र वकिलानं देल्ला," तो म्हणाला. "सुप्रीम कोर्टानं मानलेला कागद हाय म्हने. मानूस शुद्धीत असताना लिहून ठेवते का मले मशीन नको. दोन साक्षीदार पायजे. एक तू."

"आणि दुसरा?"

"दुसरा भेटंल. अडचन ते नाही. आपन बेसुद झालो तं आपल्या वतीनं डॉक्टरले 'बस करा' म्हनणारा एक मानूस लागते घरचा. त्याचं नाव लिव्हा लागते, त्याची सही लागते." त्यानं आवाज खाली आणला. "अतुलले इचारलं. पोरगा फोनवर रडाले लागला. म्हने, बाबा, मी शेवटपर्यंत लढीन. मी म्हनलो, लढनार तू, आन् नळ्या माह्या!"

"मग वहिनी."

"तेच तं." त्यानं आत पाहिलं. "तुही वहिनी नाही म्हनून राहिली."

कुसुमबाई दारातच होती. ती चोरून ऐकत नाही, उघड ऐकते. "मी नाही म्हनली, नाहीच म्हननार," ती म्हणाली. "रोज सकाळी विहारात मी पाणातिपाता म्हनते. जीव घेनार नाही म्हनते. आन् दुपारी इथं बसून नवऱ्याले मराले सोडाची सही करू?"

"मराले सोडाची नाही, बाई. मरू द्याची," केवळराम म्हणाला. "फरक हाय. बाहेरच्या देशात डॉक्टर सुई देऊन मोकळं करते म्हने. मी ते कुठं मांगतो? मी मरनाले बोलावून नाही राहिलो. ते आलं तं दारात आडवे नका होऊ, एवढंच. मले ह्या खाटेवर राहू द्या. खिडकीतून धानाच्या बांध्या दिसते. पानी भरलेल्या बांध्या पाहून जाईन."

"बांध्यांत पानी जुलैले राह्यते. आता जानेवारी हाय."

"मंग जुलैलोक थांबतो! तू सही तं कर!"

ती आत गेली. केवळराम माझ्याकडे वळला. "तुहं काय मत हाय, मुनशी?"

मी म्हटलं, "मी मुनशी. हजेरी मांडतो. सुटी मंजूर करणं कधी माझ्याकडे नव्हतं."

त्याला ते पटलं नाही. मलाही नव्हतं पटलं. पण त्या वेळी तेवढंच सुचलं.

आमच्या विहारात सकाळी सहाला वंदना होते. थंडीत आठ-नऊ जणं, बहुतेक बायका, आणि मागे भिंतीला टेकून मी. वंदना कुसुमबाई सुरू करते. आवाज पातळ पण सरळ. तीन वेळा शरण, मग पाच शीलं, आणि आम्ही सगळे तिच्यामागून.

कागदावरून भांडण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. शरण संपलं आणि कुसुमबाई पुढं वाकून मेणबत्तीची वात सारखी करायला लागली. पहिलं शील, ते पाणातिपाताचं, बाकीच्या बायकांनीच म्हटलं. दुसऱ्याला तिचा आवाज परत आला. वात वाकडी असेल, मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी वात सरळ होती, तरी तिनं सारखी केली. चौथ्या दिवशी मेणबत्ती नवीन होती.

मी मनात बेरीज मारली. बाईनं सही करायचं ठरवलेलं दिसतं, आणि सही करणार म्हणून पहिल्या शीलावर तिचा हक्क राहिला नाही असं तिला वाटतं. आपल्या हुशारीवर मी जरा खूषच झालो. बायका निघून गेल्यावर ती झाडू मारत होती, तिला गाठलं.

"वहिनी, तुम्ही पहिलं शील म्हणत नाही."

झाडू थांबला नाही. "तुमी वंदनेले येता का हजेरी लिव्हाले, भाऊ?"

"दोन्हीले."

"कवापासून पाहून राहिले?"

"चार दिवस झाले."

आता झाडू थांबला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी मिलमध्ये नवीन लागलेल्या हमालाकडे पाहायचो. "चार दिवस? मंग कायची तुमची हजेरी! वर्स झालं मले."

वर्ष. म्हणजे कागदाच्या कितीतरी आधी. तीनशे सकाळी मी मागे बसून तिचा गप्प बसलेला आवाज ऐकला होता आणि मला तो ऐकू आला नव्हता. माझी सगळी बेरीज चुकली.

ती पायरीवर बसली. झाडू मांडीवर आडवा. "तुमी बाहेर बसले होते दवाखान्यात. मी काचातून पाह्यत होती. ते हात वढे. वढे आन् वढे. मनगटं लाल झाली. तोंडात नळी, बोलता येत नाही, मंग डोऱ्यानं बोले. मले पाहून डोऱ्यानं बोले का सोड. मी काय सोडू? कागदावर माही सही. पहिलं शील काय म्हनते, भाऊ? जीवाले मारू नका एवढंच म्हनते? जीवाले छळू नका नाही म्हनत? मंग मी कोन्या तोंडानं म्हनू?"

"पण त्यानं तो वाचला, वहिनी."

"वाचला. म्हनून तं कोनाले बोलता येत नाही." तिनं हात उलटा-पालटा करून पाहिला. "मी जगवाले सही केली तं त्याहीचे हात बांधले. आता सोडाले करीन तं काय होईल, कोनाले मालूम? शील-बील तं सांगाचं कारन हाय. माहा ह्या सहीवरच भरोसा नाही राह्यला. आन् ते येता-जाता म्हनते, हात झडो."

"गंमत करतो तो."

"मालूम हाय मले. गंमतच हाय. तुमी हसता ना."

मी घरी जाऊन चहा घेतला नाही. ती सही मी दाखवलेल्या जागेवर झाली होती आणि त्या शिवीवर मी सतरा वेळा हसलो होतो. दुसऱ्यांचं सगळं मांडलं आणि आपलं पान कोरं ठेवलं. हजेरी लिहिणारा स्वतःची हजेरी शेवटी लिहितो, पण इतकी शेवटी नाही.

दुपारी गेलो तेव्हा केवळराम ओसरीवर उन्हात बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होता. दाणे पितळी गंजात, टरफलं मांडीवर. ऑक्सिजनची मशीन शेजारी घरघरत होती.

"ये, मुनशी. त्या दिवशीची गोष्ट सांगू काय? ते नळीवाली?"

"नको," मी म्हटलं. "आज मी सांगतो."

आणि सांगितलं. सही कोणाची, बोट कोणाचं, अतुल खोटं का बोलला. सकाळचं, मेणबत्तीचं. माझं सांगणं त्याच्या सांगण्याइतकं चांगलं झालं नाही. कुठं थांबायचं ते मला कळत नव्हतं, आणि कोणी हसलंही नाही.

केवळरामच्या हातात एक शेंग होती. ती त्यानं सोललीही नाही, ठेवलीही नाही.

"तू काऊन नाही सांगितलं बे?"

"तू हसवत होतास."

"आन् तू हसत होता." त्यानं दम घेतला. "दोघंबी गधेच हाओ."

मग त्यानं आत हाक मारली. "कुसूम!"

पस्तीस-चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नव्हतं. बाहेर लोकांत तो 'अतुलची माय' म्हणतो. कुसुमबाई ओल्या हातानं धावत आली. तिला वाटलं, श्वास अडकला.

"काय झालं? मशीन बंद पडली काय?"

"सूप आन. कणी टाकून आन."

"काय पागलपना हाय, अवो?"

"आन म्हनलो ना."

ती सुपात तांदळाची कणी घेऊन आली. केवळरामनं सूप मांडीवर घेतलं, हलवून कणी सारखी पसरवली आणि तिच्यापुढं धरलं. मला ते दृश्य ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्या दोन वर्षांत तो मिलमधून फुटकी कणी आणायचा आणि संध्याकाळी ह्याच ओसरीवर बायकोला अक्षरं शिकवायचा. पाटी महाग नव्हती. पण पाटीवर चुकलेलं पुसावं लागतं, आणि सुपाला एक हिसका दिला की चूक आपोआप जाते, असं तो म्हणायचा. आम्ही त्याला हसायचो. तेव्हाही हसायचोच.

"लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"नाव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. ओठ घट्ट झाले. मग ती खाली बसली आणि ओल्या बोटानं कणीत लिहिलं, कुसुम. कणी बोटाला चिकटली.

"हे कोनं शिकवलं तुले?"

"तुमी."

"मंग दवाखान्यात ते सही कोनाची होती? शिकवनाराची. झडो तं माहा हात झडो." त्याला खोकला आला. ती उठायला लागली, त्यानं मनगट धरून बसवलं. "आयक. एक वर्स खाल्लं मी त्या सहीवर. नवा तांदूळ खाल्ला. अतुलच्या पोरीले मांडीवर घेतलं, तिनं मुतून ठेवलं. ह्या मुनशीले गोष्ट सांगून सांगून पकवलं. हे सारं कोनामुळं? तू देल्लं ते वर्स. मी शिव्या देत देत खाल्लं, माही अक्कल! पन कुसूम, असं वर्स एकच पुरे. दुसरं नको. अकरा दिवस पुन्हा नाही होनार माह्यानं."

ओसरीखाली कोंबड्या सांडलेली कणी टिपायला जमल्या. तिनं एकीला हाकललं. केवळराम वाट पाहत राहिला. त्याला वाट पाहता येते हे मला नवीन होतं.

शेवटी तिनं विचारलं, "त्या कागदात हात बांधाचे नाही, हे लिव्हलं हाय?"

केवळरामनं माझ्याकडे पाहिलं. मी कागद मागवून दोनदा वाचला. मशीन नको, नळी नको, छाती दाबणं नको, सगळं होतं. हातांचं कुठेच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग कायले सही करू मी?" कुसुमबाई म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. ती हो म्हणाली होती.

हेमेंद्र रहांगडाले वकील आणि नोटरी. सडक अर्जुनीत हायवेला लागून टायरच्या दुकानावर वरच्या मजल्यावर बसतात. केवळरामला जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून वकीलसाहेबच शिक्का आणि रजिस्टर घेऊन खाली आले. कार्यालय भरलं ते ऑटोत. मागच्या सीटवर केवळराम, त्याच्या पायाशी लहान सिलेंडर, शेजारी कुसुमबाई, समोरच्या फळीवर मी, आणि वकील बाहेर उभे. दुसरा साक्षीदार म्हणून टायरवाला मुन्नालाल हात पुसत आला. कागद कशाचा आहे हे कळल्यावर तो जरा मागं सरकला, मग केवळरामकडे पाहून पुन्हा पुढं आला.

"साहेब, एक ओळ टाकाची हाय," कुसुमबाई म्हणाली. "हात बांधू नये."

"बाई, ये फॉरमॅट में नहीं है ना," वकील म्हणाले.

"तं टाका फारमॅटमंदी. जागा हाय तिथं खाली."

वकिलांनी चष्मा वर केला, खाली केला. मग पेन काढून स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कोणत्याही परिस्थितीत हात बांधू नयेत.' थोडं थांबून आपल्या मनानं पुढं लिहिलं, 'पत्नीस जवळ बसू द्यावे.' माणूस बरा आहे, मी डोक्यात नोंद केली.

"आन् नाक खाजवू द्यावं," केवळराम म्हणाला.

मुन्नालाल हसला. वकिलांचं पेन मात्र कागदावर टेकलंसुद्धा.

"ते लिव्हाची गरज नाही," कुसुमबाई म्हणाली. "नाक मी खाजवीन."

केवळराम हायवेकडे पाहत राहिला, जणू ट्रक त्यानं पहिल्यांदा पाहिले.

त्यानं सही केली. मग कागद कुसुमबाईकडे आला. तिनं पेन घेतलं आणि सवयीनं माझ्याकडे पाहिलं. "कुठं करू, भाऊ?"

माझं बोट निघालं होतं. मी ते परत आणलं आणि हात खिशात घातला. "आधी वाचा, वहिनी. सगळं."

तिनं वाचलं. मोठ्यानं, अक्षर जोडत, तीन पानं. 'उपचार' वर अडली, 'परिस्थितीत' वर दोनदा अडली. मध्ये एक रायपूरचा ट्रक हॉर्न वाजवत गेला तेव्हा ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. वकिलांनी दोन वेळा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा घड्याळावर बाही ओढून घेतली. केवळराम तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेला. आपल्या मरणाचा कागद ऐकताना झोपलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण मला वाटतं तो कागद ऐकतच नव्हता. तिचं वाचणं ऐकत होता, सुपातल्या कणीपासूनचं.

शेवटची, हातानं लिहिलेली ओळ तिनं दोनदा वाचली. मग जागा स्वतः शोधली आणि सही केली.

केवळराम जागा झाला. "झालं?"

"झालं."

"मंग आलुबोंडा खिलव. तिकडच्या ढाब्यावरचा."

"डॉक्टरनं तेलाचं नाही सांगितलं."

"आता कागद झाला ना!"

"कागद मशीनचा हाय, आलुबोंड्याचा नाही," ती म्हणाली, पण उतरून गेली आणि दोन आणले. एक त्याला, एक मला. मला कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहारात भिंतीला टेकून बसलो. थंडी चांगली होती, सात जणंच आली. तिसऱ्यांदा शरण संपलं. मेणबत्तीची वात त्या दिवशी खरोखरच वाकडी झाली होती, मेण एका बाजूनं वाहून ताटलीत साचत होतं. माझं लक्ष कुसुमबाईच्या हातांकडे होतं. ते दोन्ही जोडलेलेच राहिले.

"पाणातिपाता वेरमणी," तिनं सुरू केलं. आवाज जरा घोगरा होता. पुढचे शब्द आम्ही तिच्यामागून म्हटले. वात तशीच वाकडी जळत राहिली.